मुलाचं मेंटेनन्स, घरचा गणपती आणि जेजुरीचा नवस

प्रश्न असा आला आहे. नारायण पेठेत राहणारं कुटुंब. सहा वर्षांच्या मुलाला ए.एल.एल. आहे, म्हणजे लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर. केमोचे जड टप्पे पार पडले, आता मेंटेनन्स, म्हणजे आजार उलटू नये म्हणून चालणारा गोळ्यांचा लांब टप्पा, सुरू होतंय आणि गणपती तीन आठवड्यांवर आलेत. सासूबाईंनी इंडक्शनच्या, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याच्या, वेळी जेजुरीच्या खंडोबाला नवस बोलला होता, तो त्यांना लगेच फेडायचाय. बोनमॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट स्वच्छ आला तो देवाच्या कृपेनं, मग आता एवढी औषधं कशाला, असंही त्या म्हणतात. मुलाच्या वडिलांनी देवासमोर दिवा लावणंच सोडलंय. नऊ वर्षांची बहीण गप्प गप्प असते. आई विचारते, "मी कोणाचं ऐकू? आणि सणाचं काय करू?"

ताई, तुमच्या पत्रातलं एकच वाक्य खरं धोक्याचं आहे, आणि ते नवसाबद्दलचं नाही. "रिपोर्ट स्वच्छ आला, आता औषधं कशाला" हे ते वाक्य. नवस, उपवास, आरती, प्रसाद या सगळ्यांतून वाट काढता येते. या एका वाक्यातून काढता येत नाही.

निदान होतं तेव्हा मुलाच्या शरीरात ढोबळमानानं एक लाख कोटी ल्युकेमियाच्या पेशी असतात. त्यातल्या ९९ टक्के मेल्या तरी एक हजार कोटी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाच टक्क्यांहून कमी दिसल्या की त्याला रेमिशन म्हणतात. एम.आर.डी. ही तपासणी अधिक बारीक आहे, ती साधारण दहा हजारांत एक पेशी पकडते. पण त्याखालच्या पेशी तिलाही दिसत नाहीत. सासूबाईंना हे आकडे सांगू नका, दूर्वांचं उदाहरण द्या. दूर्वा म्हणजे शेतातली हरळीच. वरून उपटली की रान स्वच्छ दिसतं, पण जमिनीत काशा राहतात आणि पाऊस पडला की परत फुटतात. मेंटेनन्स म्हणजे दीड-दोन वर्षं काशा वेचत राहणं. गावाकडचं माणूस हे ऐकून लगेच मान डोलावतं. शक्य असेल तर पुढच्या ओ.पी.डी.ला सासूबाईंना बरोबर न्या आणि हेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्यासमोर येऊ द्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत घरात फरक पडतो. तो पडू नये, पण पडतो.

आता गोळ्यांकडे येते. मेंटेनन्सचा कणा म्हणजे रोज एकदा, शक्यतो रात्री, ६-एम.पी. आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, या दोन केमोच्या गोळ्या. न्यूमोनियापासून संरक्षणासाठी कोट्रायमोक्साझोल आठवड्यातून दोन-तीन दिवस. काही प्रोटोकॉलमध्ये दर चार आठवड्यांनी व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध आणि पाच दिवस स्टेरॉइड, आणि साधारण तीन महिन्यांनी पाठीच्या मणक्यातून इंजेक्शन. ६-एम.पी.चे ९५ टक्क्यांहून कमी डोस ज्या मुलांच्या पोटात जातात, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. ९५ टक्के म्हणजे महिन्यात एखादाच डोस चुकला तर चालेल एवढंच. महिन्याला दोन चुकले की तुम्ही त्या रेषेखाली.

आणि इथेच तुमच्या घरातली श्रद्धा औषधाच्या कामाला येते. ज्या घरात सांजवात लागते, शुभंकरोति म्हटलं जातं, त्या घरात रोज ठरल्या वेळी होणारी एक गोष्ट आधीपासून आहे. मोबाइलचा अलार्म आठ दिवसांत कानाआड होतो, आजीचा दिवा होत नाही. तेव्हा शुभंकरोति, जेवण आणि त्यानंतर दीड-दोन तासांनी गोळी, असा क्रम लावा. गोळी देणार एकच माणूस, म्हणजे तुम्ही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करणार दुसरं माणूस, म्हणजे सासूबाई. खूण केल्याशिवाय त्यांनी त्या दिवसाची उदबत्तीची वेळ संपली असं मानायचं नाही. हे गमतीनं सांगत नाही. दोन बायका दोघीही काळजीपोटी गोळी देतात आणि मुलाला दुप्पट डोस जातो, ही चूक खऱ्या घरांत घडते. देणारा एक आणि खूण करणारा दुसरा, हा त्यावरचा साधा इलाज.

मेथोट्रेक्सेटचा वार ठरवताना घरात जो वार आपोआप लक्षात राहतो तो डॉक्टरांना सांगा. दत्ताचा गुरुवार असेल तर गुरुवार. या गोळ्या बहुधा अडीच मिलिग्रॅमच्या असतात, त्यामुळे एका वेळी बऱ्याच घ्याव्या लागतात, आणि म्हणून कोणीतरी "एवढ्या एकदम? रोज दोन-दोन देऊ" असं करतं. तसं कधीही होऊ देऊ नका. रोज दिलं गेलेलं मेथोट्रेक्सेट जिवावर बेततं. तोंड सोलवटतं, काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे कोसळतात. डबी वेगळी, कुलपात, वर मोठ्या अक्षरात फक्त वाराचं नाव. गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायची नाही. उलटी झाली तर किती वेळात झाली ते लिहून फोन करायचा. अर्धी गोळी तोडायची असेल तर हातमोजे घाला, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिनं या गोळ्यांना हात लावू नये.

एक गैरसमज इथेच मोडून टाकते. मेंटेनन्समध्ये पांढऱ्या पेशी थोड्या कमी ठेवणं हाच हेतू असतो. ए.एन.सी., म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या, साधारण ५०० ते १५०० च्या दरम्यान राहील असे डोस डॉक्टर वर-खाली करतात. रिपोर्टवर लाल अक्षरात कमी दिसलं की कोणीतरी काउंट वाढवायला गुळवेलीचा काढा, कसला तरी पाला, नाहीतर भस्माची पुडी आणतं. ६-एम.पी. आणि मेथोट्रेक्सेट दोन्हींचा ताण यकृतावर पडतो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. भस्मात जड धातू असू शकतात. यकृताच्या तपासणीत एस.जी.पी.टी. वाढलं की दोष औषधाचा की काढ्याचा हे कळत नाही, आणि बंद होते ती केमोची गोळी. काढा आणणाऱ्या माणसाचं प्रेम खोटं नसतं. त्याला "हे डॉक्टरांना दाखवून घेते" म्हणा आणि खरोखर दाखवा.

ए.एन.सी. काढायचं गणित सोपं आहे. एकूण पांढऱ्या पेशी २००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर ए.एन.सी. ४००. ५०० च्या खाली असेल तर घरात पाहुणे नकोत, गर्दी नको.

आता गणपती. मूर्ती आणा, आरती करा. मुलानं इतके महिने इंजेक्शनंच पाहिलीत, त्याला मोदक करताना पिठाचे हात बघू द्या. पण काही गोष्टी बदलाव्या लागतील.

सर्वांत आधी नैवेद्याची वेळ. चतुर्थीला पूजा लांबते, नैवेद्य दीड-दोनला होतो, तोवर कोणी तोंडात काही घालत नाही. ६-एम.पी. घेणाऱ्या लहान मुलांची साखर जास्त वेळ उपाशी राहिल्यावर खाली येऊ शकते, विशेषतः सकाळी. घाम, सुस्ती, उगाच चिडचिड, क्वचित झटका. म्हणून त्याचा नाश्ता उठल्या उठल्या. लहान आणि आजारी माणसाला आपल्या कुळाचारात नेहमीच सूट असते, हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांनाच विचारा, म्हणजे निर्णय त्यांचा होईल.

पंचामृतातलं दूध उकळून गार केलेलं घ्या. त्याच्या वाटीत कच्चं मध नको. दह्याबाबत वेगवेगळ्या विभागांचं मत वेगळं असतं, तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारा. सगळ्यांच्या तळहातावर फिरणारी तीर्थाची पळी त्याच्यासाठी नको. त्याच्या वाटीत उकळलेलं पाणी आणि वरून तुळशीचं धुतलेलं पान टेकवून काढून घ्या. उकडीचे मोदक, गरम शिरा, वाफाळता वरण-भात हे उत्तम. मंडळाचा प्रसाद, कापून उघडी ठेवलेली फळं, भिजवलेली कच्ची डाळ आणि सकाळचं खोबरं संध्याकाळी, हे नको. स्टेरॉइडचे पाच दिवस नेमके सणात आले तर भूक राक्षसासारखी लागते आणि साखरही वाढते. पेढ्यांचा डबा त्याच्या नजरेआड ठेवा, शेंगदाणे चांगले भाजून, चणे, घावन, पोळी-भाजी हाताशी ठेवा.

फुलदाणीतलं पाणी आणि ओलं निर्माल्य यांत जंतू भराभर वाढतात. हार-दूर्वा देवासमोर असू द्या, पण मूल जिथे झोपतं त्या खोलीत नाही, आणि निर्माल्य रोज संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी काढायचं. माती कालवणं, शाडूची मूर्ती घासणं, कुंडी उकरणं त्याच्याकडून नको, मातीत बुरशीचे बीजाणू असतात. धूप-कापूर बंद करा असं मी म्हणणार नाही. आरती झाली की खिडक्या उघडा आणि तेवढा वेळ तो दारापाशी उभा राहू दे. मोहरी-मिरची विस्तवात टाकून दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरी ओवाळून विस्तव जिन्यात न्या. ठसक्याचा त्रास त्यालाच होतो.

दर्शनाला येणाऱ्यांसाठी दारात साबण आणि टॉवेल. सर्दी, ताप, अंगावर पुरळ असलेल्यानं खालूनच नमस्कार करावा. कांजिण्यांबद्दल कडक राहा. त्याचा कांजिण्या आलेल्या मुलाशी संपर्क आला असं कळलं तर पुरळ यायची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. संरक्षक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या चार दिवसांत मिळालं तर सर्वांत उत्तम. आणि पल्स पोलिओचे थेंब या मुलाला अजिबात नाहीत. घरात पाच वर्षांखालचं दुसरं मूल असेल तर त्यालाही थेंबांऐवजी इंजेक्शनची लस, कारण थेंबांतला जिवंत विषाणू शौचावाटे घरात पसरू शकतो.

ए.एन.सी. त्या आठवड्यात खाली असेल तर गणपती दीड दिवसाचा करा. परंपरेत बसतं, कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. विसर्जन घरात बादलीत करा, किंवा महापालिकेच्या हौदावर मोठ्यांनी जावं. नदीच्या घाटावर मूल नको.

पेठेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ठरवायची असते, आणि ती बहुतेक जण ठरवत नाहीत. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे रस्ते मिरवणुकीसाठी बंद असतात आणि मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. त्या रात्री मुलाला ताप आला तर गाडी दारातून निघणार नाही. आदल्या दिवशी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, जिथून हॉस्पिटलचा रस्ता मोकळा आहे तिथे नातेवाइकांकडे जा. पालख्या पुण्यात असतात त्या दिवशीही तेच. बरोबर पिशवी असू द्या: फाइल, रक्ताचा शेवटचा सी.बी.सी. रिपोर्ट, पोर्टची (औषध द्यायला त्वचेखाली बसवलेल्या नळीची) माहिती, थर्मामीटर, दोन कपडे.

तापाचा नियम सणाला बदलत नाही. काखेत डिजिटल थर्मामीटर, १०१ फॅरनहाइट एकदा, किंवा १००.४ तासभर टिकला, की निघायचं. तापमान मोजून लिहिण्याआधी पॅरासिटामॉल नको, गुदद्वारातून तापमान किंवा औषध तर कधीच नाही. पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं म्हणून दारातच सांगा, "केमो चालू आहे, ताप आहे". "आरती झाली की जाऊ" हे शब्द या घरात वापरायचे नाहीत. एवढा एक करार सासूबाईंशी आत्ताच करा, ताप नसताना.

जेजुरीबद्दल. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर, फार लांब नाही. अडचण आहे ती पायऱ्यांवरची गर्दी आणि हवेत उधळलेला भंडारा, जो कमी काउंटच्या मुलाच्या छातीत जातो. नवस मोडायचा नाही, त्याला वेळ द्यायचा. तोवर घरी तळी भरा. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा, घरातली पाच माणसं, "येळकोट येळकोट जय मल्हार". हा कुळाचार घरचाच आहे, त्यात उणं काही नाही. भंडारा चिमटीनं कपाळाला लावा, उधळू नका. सासूबाईंना आत्ताच जायचं असेल तर त्या आणि मुलाचे वडील जाऊन येऊ देत. मुलाला नेणं औषधं संपून काउंट सावरल्यावर, आणि तेव्हाही सोमवती अमावस्या, चंपाषष्ठी, रविवार टाळून, साध्या वारी सकाळी लवकर. मुंडण बोललं असेल तर वस्तरा नको, ट्रिमर चालवा. प्लेटलेट कमी असताना एक बारीक काप पुरेसा असतो.

अंगारा कपाळाला लावा, पाण्यात कालवून पाजू नका, आणि पोर्टच्या जागेवर किंवा जखमेवर तर मुळीच नको. आळंदीहून आलेलं इंद्रायणीचं पाणी देव्हाऱ्यात राहू द्या, त्याच्या तोंडात नको. मनगटाचा गंडा आंघोळीत ओला राहतो, सलाइन लावायच्या वेळी कापावा लागतो, मग घरात अपशकुनाची चर्चा होते. आधीच तो उशीखाली ठेवा. एम.आर.आय.ला ताईत काढावाच लागतो.

उपवास मुलाला कोणताही नको. व्हिन्क्रिस्टीनमुळे आतड्याची हालचाल मंदावते आणि साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो. दोन दिवस खिचडी खाल्ली की पोट फुगून मूल कळवळतं. तुम्हीही निर्जळी करू नका. वॉर्डात रात्रभर जागणारी आई सोळा सोमवार निभावते, पण सतराव्या सोमवारी सलाइनची नळी बघताना चक्कर येऊन पडते. व्रत करायचंच असेल तर एका वेळचं साखर-चहा सोडण्यासारखं काहीतरी बोला. मणक्यातल्या इंजेक्शनच्या दिवशी मात्र उलटी काळजी. भूल द्यायची असते म्हणून सहा तास आधीपासून जेवण-दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. त्या सकाळी कोणी देवळातून येऊन "प्रसादाचा एक दाणा" तोंडात घातला की ते पोटातून श्वासनळीत जाण्याचा धोका असतो आणि प्रक्रिया रद्द करावी लागते. प्रसाद पुडीत बांधून पिशवीत ठेवा, जाग आल्यावर द्या. रोजा, कम्युनियनचा एकत्र पेला, लंगर, कुठल्याही घरात हाच हिशोब.

आता दोष. पत्रात तुम्ही लिहिलंय, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून कोणीतरी बोललं. ए.एल.एल. ग्रहणानं होत नाही, आईच्या खाण्यानं, नजरेनं, मागच्या जन्माच्या पापानं होत नाही. बहुतेक मुलांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. पेशी तयार होताना जनुकांत चुका होतात. हे वाक्य तुमच्यासमोर डॉक्टरांनी सगळ्या घराला सांगावं, अशी स्पष्ट विनंती करा. ती विनंती त्यांच्या कामाचाच भाग आहे.

मुलाच्या वडिलांना दिव्यासमोर ओढू नका. दिवा न लावणं हा त्यांचा शोक आहे. त्यांना रक्ताच्या रिपोर्टांचा तक्ता, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं, हॉस्पिटलच्या समाजसेवकाची भेट अशी हाताला धरता येतील अशी कामं द्या. धर्मादाय हॉस्पिटलांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या असतात, हेही ते विचारून येतील. वाद झाला तर मुलासमोर नको. आई देवाचं म्हणते, बाबा नाही म्हणतात, मग आपण कोणाच्या बाजूनं बरं व्हायचं, असा प्रश्न सहा वर्षांच्या डोक्यात येतो.

बहिणीबद्दल मला जास्त काळजी वाटते. सहा-नऊ वर्षांच्या वयात मुलांना वाटतं की मनात वाईट आलं म्हणून वाईट घडलं. कधीतरी भांडणात "तू मर" म्हणाली असेल आणि ते एकटी सांभाळत असेल. तिला विचारू नका, आधी सांगा: "हा आजार कोणाच्या बोलण्यानं, रागानं, मारण्यानं होत नाही. तुझ्यामुळे झालेला नाही. तुला लागणार नाही." मग थांबा. दोन-तीनदा सांगावं लागेल. रोज अर्धा तास फक्त तिचा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आठवड्यातून एकदा वडिलांबरोबर सारसबागेत चक्कर. आणि शाळेतल्या बाईंना कळवा, नाहीतर तिच्या गप्प बसण्याला आळस म्हणतील. आरतीचं ताट तिच्या हातात द्या. घरात सगळे त्याच्याकडे बघतात त्या पाच मिनिटांत ते तिच्याकडे बघतील.

"देव परीक्षा बघतो", "देव लाडक्यांनाच बोलावतो" ही वाक्यं घरात येऊ देऊ नका. बोलावणं या शब्दानं मुलं रात्री झोपत नाहीत. मुलानं विचारलं, "बाप्पा मला बरं करेल का?" तर "बाप्पाला आपण सांगतो, आणि डॉक्टर, औषध, तू, मी सगळे मिळून काम करतोय" एवढं पुरे. बाप्पाच्या नावानं तारीख देऊ नका. ती चुकली की मूल तुमच्यावर नाही, स्वतःवर रागावतं, आपण नीट प्रार्थना केली नाही म्हणून. त्याला कॅन्सर हा शब्द माहीत असू द्या. वॉर्डात तो इतरांकडून ऐकतोच, आणि मग घरानं लपवलं एवढंच त्याला कळतं.

आणि कधीतरी अंधारात तो विचारेल, "मी मरणार का?" चटकन "नाही रे राजा" म्हणू नका. आधी विचारा, "तुला असं का वाटलं?" बहुतेकदा शेजारच्या पलंगावरचं मूल घरी गेलं नाही असं काहीतरी असतं. जे आहे ते सांगा: या आजारातली पुष्कळ मुलं बरी होतात, आपलं औषध चालू आहे, दुखलं तर दुखणं कमी करायला औषध आहे, आणि मी इथेच आहे. नंतर पाठीवर हात ठेवून जे तुमच्या घरात म्हणतात ते म्हणा, रामरक्षा असो की नुसतं नाव. मग उठून त्या दिवसाची खूण कॅलेंडरवर झाली आहे का बघा. अशा रात्रीच गोळी राहून जाते.